बाकाचा निकाल

रेवदंड्यात माणूस आजारी पडला की आधी बाकावर येतो आणि मग डॉक्टरकडे. बाक माझ्याच दवाखान्याच्या पडवीत आहे, त्यामुळे मधलं अंतर सहा-सात पावलांचं. पण तेवढ्यात निदान, दुखण्याचं कारण, पथ्यपाणी आणि याच दुखण्यानं गावातलं कोण कोण गेलं याची उजळणी, असं सगळं उरकलेलं असतं. माझ्याकडे पेशंट येतो तो शिक्का मारून घ्यायला. काही जण माझा वेळ वाचावा म्हणून थेट निकालच ऐकवतात. "डॉक्टर, पित्त आहे. बाहेर म्हणतायत की त्या अर्ध्या लाल, अर्ध्या पिवळ्या गोळीनं जाईल." बाहेर म्हणजे बाकावर. आमच्याकडे ‘बाहेर’ला हायकोर्टाचा दर्जा आहे. मी तालुक्याचं कोर्ट.

बाक सागवानी आहे. केला पाच जणांसाठी, बसतात सात, आणि पावसाळ्यात तापाची साथ आली की "जरा सरा हो" म्हणत आठवाही टेकतो. त्याचा एक पाय आखूड असल्यामुळे टोकाचा माणूस उठला की बाकीचे सहा जण किंचित कलंडतात. आत कोण गेलं हे त्यामुळे डुलकी लागलेल्यालाही कळतं. पडवी आणि माझी खोली यांच्यामध्ये एक दार आहे. पण समुद्र इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे जूनमध्ये लाकूड जे फुगतं ते गणपती गेल्याशिवाय उतरत नाही. मृगात दार लागलं तर पेशंटला नवरात्रापर्यंत आतच ठेवावं लागेल. म्हणून दार कायम उघडं आणि मध्ये पडदा. पडद्यावर मोठमोठी फुलं आहेत. त्यांतून दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं.

गावच मुळात आतल्या आत राहणारं. कुंडलिका समुद्राला मिळते तिथे, समोर कोर्लईचा डोंगर, आणि भोवती पोर्तुगीजांनी बांधलेला तट. अलिबागहून मुरुडला जाणारी एसटी तटाला पाडलेल्या खिंडारातून आत शिरते आणि दुसऱ्या बाजूनं साळावच्या पुलाकडे निघून जाते. मधल्या वाड्यांत, आळ्यांत आणि बाजारात प्रत्येकाला प्रत्येकाचं माहीत असतं. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी शेजारच्या चौलच्या बंदरात उतरला. त्यानं लिहून ठेवलंय की, मी जाईन तिथे लोक माझ्या मागे येतात आणि गोऱ्या माणसाकडे टकामका बघतात. त्याच्या स्मरणार्थ शाळेच्या आवारात स्तंभ उभारलाय. माझ्या मते तो स्तंभ मागे येणाऱ्यांचाही आहे. त्यांचेच वंशज आज माझ्या बाकावर बसतात.

तर असा बाक ऐकत असताना माणूस खरं दुखणं सांगणार कसा? म्हणून आमच्याकडे तक्रारी दोन असतात. पहिली बाकासाठी, दुसरी डॉक्टरसाठी. पहिली मोठ्या आवाजात: "गुडघा धरलाय." मी गुडघा बघतो, गोळ्या लिहितो, माणूस उठतो, पैसे देतो, पिशवी उचलतो, पडदा सरकवण्यासाठी हात लांब करतो आणि तिथे थबकतो. "आणि हो डॉक्टर, जाता जाता..." हे दोन शब्द ऐकले की मी पेन पुन्हा उघडतो. मुख्य काम आता सुरू होणार असतं. छातीत चमक, लघवीतलं रक्त, लग्नाला चार वर्षं होऊन हलायचं नाव न घेणारा पाळणा, जावयाचं पिणं, सुनेचं रात्री उठून रडणं, सगळं ‘जाता जाता’ येतं. कॉलेजात आम्हाला पेशंटची हिस्टरी कशी घ्यायची याचा एक तक्ता पाठ करायला लावला होता: मुख्य तक्रार, ती किती दिवसांची, पूर्वीचे आजार, घरातले आजार. पेशंटचा एक पाय चपलेत असताना काय विचारायचं, तो रकाना त्यात नव्हता.

आमच्या एका निवृत्त मास्तरांनी यावर तोड काढली होती. आयुष्यभर हेडमास्तरांना अर्ज केलेले गृहस्थ. ते येत, नमस्कार करत, खिशातून चौघडी घातलेला कागद काढत आणि टेबलावर ठेवत. तोंडातून चकार शब्द नाही. कागदावर वळणदार अक्षरात: ‘विषय: शौचाच्या वेळी त्रास होत असल्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करतो की, गेले काही दिवस...’ खाली सही, तारीख आणि ‘आपला विश्वासू’. मी उत्तरही कागदावरच देत असे. शब्द बाहेर जायला मार्गच नव्हता. मास्तर समाधानानं पडदा बाजूला करून बाहेर पडले, आणि ते रस्त्याला लागतात न लागतात तोच बाकानं निकाल दिला: "मास्तर काही बोलले नाहीत. म्हणजे मूळव्याध." पुढे तासाभरात त्यांच्या घरी तीन ठिकाणांहून सुरणाचे गड्डे पोचले.

बाकाचा विश्वास दोन गोष्टींवर आहे, सुई आणि बाटली. गोळी म्हणजे डॉक्टरनं अंग काढून घेतलं. "मना सूय द्या दाक्तर, गोल्यांनी काय नाय व्हत," हे वाक्य मी कोळीवाड्यातल्या तीन पिढ्यांकडून ऐकलंय. आणि सुईच्याही वरचा मान सलाइनच्या बाटलीचा. बाटली लावलेल्या माणसाला भेटायला पाहुणे येतात, शहाळी येतात. गोळ्या घेऊन घरी पडलेल्याकडे कोण बघतं? मी किती वेळा सांगितलं असेल, की अहो, अर्ध्या लिटरच्या सलाइनमध्ये ४.५ ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. ग्लुकोजवाल्या बाटलीत २५ ग्रॅम साखर. शुद्धीत असलेल्या, उलटी थांबलेल्या माणसानं एवढी मीठ-साखर तोंडानं घेतली तरी चालतं.

एकदा सकाळी पेशंट कमी होते, तेव्हा मी पडवीत उभा राहून बाकाला रीतसर व्याख्यान दिलं. १९७१ साल, बांगलादेशचं युद्ध, बनगावच्या छावणीत निर्वासितांची गर्दी आणि पटकीची साथ. तिथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज मिसळलेलं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच पेले भरून पाजायला सांगितलं. शंभरात तीसच्या आसपास माणसं जात होती, ती चारच्याही खाली आली. त्याच पाण्याची पुडी आज ‘ओआरएस’ म्हणून शेजारच्या मेडिकलमध्ये मिळते. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. बाकानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग टोकाच्या आजोबांनी विचारलं, "म्हंजे त्यांच्याकडच्या बाटल्या संपल्या व्हत्या?"

वैताग असा, की खरोखरच संपल्या होत्या. मी आत गेलो.

साखरेच्या बाबतीत मात्र बाक आणि मी यांच्यात छुपी लढाई चालते. तपासणीच्या आधी चार दिवस गोड बंद करायचं, उपाशीपोटी रक्त द्यायचं, आकडा चांगला आला की संध्याकाळी पुन्हा सुरू, ही बाकाची जुनी युक्ती. त्यावर मी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए-वन-सी ही तपासणी सुरू केली. जूनच्या पहिल्या आठवड्यात एक मावशी आल्या. चेहऱ्यावर परीक्षा सोपी गेल्याचा आनंद. उपाशीपोटीची साखर उत्तम, तीन महिन्यांची ९ च्या वर. मी म्हटलं, "मावशी, एप्रिल-मेमध्ये आंबे चांगलेच झालेत." त्यांनी रिपोर्टकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ पडद्याकडे वळून गरजल्या, "कोण गं ती? कोणी सांगितलं डॉक्टरांना आंब्याचं?" बाहेर सहा बायका एकदम "मी नाही बाई" म्हणाल्या. रक्तातल्या हिमोग्लोबिनला साखर चिकटते आणि त्याच पेशींबरोबर महिनोन्‌महिने फिरते, हे मी चित्र काढून समजावलं. त्यांना काही ते पटलं नाही. आपल्या घरासमोर राहणाऱ्या एका बाईंशी त्या दिवाळीपर्यंत बोलत नव्हत्या.

पण बाक नुसता त्रासदायक असता तर मी तो कधीच लाकूडवाल्याला दिला असता. तो खोकतो, म्हणून ठेवलाय. मी आत विचारतो, "गोळ्या नियमित घेता ना?" पेशंट म्हणतो, "हो तर!" आणि पडद्याबाहेर कोणीतरी खाकरतं. हे खाकरणं सर्दीचं नसतं. एकदा खाकरलं तर गोळ्या घेतलेल्या नाहीत. "पिणं सोडलंत?" यावर दोनदा. आणि "सुनेनं जेवायला दिलं नाही" अशी तक्रार आली की खोकल्याची अख्खी साथ येते. रक्तदाबाच्या यंत्रापेक्षा मी या खोकल्यावर जास्त विसंबतो. यंत्राचे सेल उतरतात.

औषधांबद्दल लिहायला बसलेल्या एका जुन्या डॉक्टरालाही बाकाचं महत्त्व कळलं होतं. गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य होता, आणि आमच्या तटापलीकडचं वरचं चौल तेव्हा निजामशाहीतलं. इथल्या औषधांवर त्यानं लिहिलेलं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. पटकीचं वर्णन करणाऱ्या पहिल्या युरोपियन डॉक्टरांत त्याचं नाव घेतात. पण मला त्या पुस्तकाची बांधणी आवडते. अख्खं पुस्तक गप्पांचं आहे. रुआनो नावाचा एक कल्पित विद्वान डॉक्टर युरोपातून येतो आणि ऑर्टाशी हुज्जत घालत बसतो. मध्येच घरातली मोलकरीण काहीतरी आणून दाखवते, मध्येच मालुपा नावाचा इथला वैद्य येऊन आपलं मत ठोकून जातो. दुसरं काय हो हे? पडवी आणि बाक! ग्रीक-अरब पंडितांनी काय लिहिलंय ते एकीकडे आणि इथली माणसं काय म्हणतात ते एकीकडे, आणि बऱ्याचदा ऑर्टा इथल्यांची बाजू घेतो.

तो १५६८ साली वारला. छुपेपणानं ज्यू धर्म पाळल्याचा आरोप ठेवून १५८० साली धर्मन्यायालयानं त्याची हाडं उकरून जाळली. मेल्यावर बारा वर्षांनी! १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं डॉक्टरांची पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्याखाली आणली तेव्हा आमच्या व्यवसायबंधूंनी केवढा आकांत केला होता. मी म्हटलं, ग्राहक मंच निदान जिवंतपणी तरी बोलावतो.

बाकाची विद्या चुकते, पण सुधारतेही, याचा एक दाखला आमच्याच जिल्ह्यातला आहे. इथल्या नारळी-सुपारीच्या वाड्यांना दगडांचे गडगे असतात आणि गडग्यांत विंचू. बाकाच्या मते काळा, मोठा विंचू भयंकर आणि लाल, बारका म्हणजे पोरखेळ. खरी गोष्ट नेमकी उलटी. काळ्याचा डंख ठणकतो आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं, लाल माणूस नेतो. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ पासून काम करणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर विंचू चावलेल्या पेशंटांच्या उशाशी रात्र रात्र बसून राहिले. त्यांनी पाहिलं की आधी उलटी होते, दरदरून घाम सुटतो, हातपाय गार पडतात, आणि नंतर छातीत पाणी होऊन माणूस दगावतो. १९८२ साली त्यांनी हे ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. पुढे प्राझोसिन नावाची, रक्तदाबासाठी वापरली जाणारी स्वस्त गोळी त्यांनी विंचूदंशावर वापरून दाखवली. शंभरात तीसच्या घरात जाणारी माणसं दोन-चारांवर आली. हातात होतं काय? घड्याळ, रक्तदाबाचं यंत्र आणि पेशंटशेजारची बसायची जागा.

ही बातमी बाकावर पोचायला वेळ लागला, पण पोचल्यावर बाकानं ती अशी काही उचलली की विचारू नका. आता कोणाला विंचू चावला की मी हात धुऊन येईपर्यंत पडवीत उलटतपासणी झालेली असते. "घाम सुटला का? उलटी झाली का? पाय गार लागतायत, दाबून बघा." आणि लगेच मला आत सूचना: "डॉक्टर, लाल आहे. बीपीची गोळी!" विंचू उतरवणारे आमचे एक आजोबा आहेत. त्यांनी मंत्र काही सोडला नाही. पण आता ते मंत्र म्हणतात ते रिक्षात पेशंटशेजारी बसून, दवाखान्याच्या वाटेवर. वेळ फुकट जात नाही, आणि मलाही रिक्षातला तेवढा वेळ पेशंट गडबडा लोळण्यापेक्षा मंत्र ऐकत शांत पडलेला बरा वाटतो.

शनिवार-रविवारी बाकावर मुंबई-पुण्याची मंडळी येतात. त्यांचं बाकाशी जमत नाही, कारण ते बसल्या बसल्या मोबाइलमध्ये बघतात. एका तरुणाच्या तळपायात किनाऱ्यावर टाकून दिलेल्या शिंगाळ्याचा काटा घुसला होता. पोरगा वेदनेनं पांढरा पडलेला, मित्र गूगलवर ‘ॲम्ब्युलन्स’ शोधतायत. बाकावरच्या कोळणीनं कोणाला न विचारता माझ्या कंपाउंडरला बादलीत कढत पाणी आणायला लावलं, स्वतःचं कोपर बुडवून पाहिलं आणि पोराचा पाय आत घातला. अर्ध्या तासानं तो हसत होता. शिंगाळ्याचं विष उष्णतेनं निष्प्रभ होतं हे पुस्तकातही आहे. मी काटा काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. तेवढ्यात एका मित्राला मोबाइलवर तोच उपाय सापडला आणि त्यानं तो मोठ्यानं वाचून दाखवला. कोळीण म्हणाली, "बराबर सांगतोय रं तुजा मोबाइल." गूगलला रेवदंड्यात मिळालेलं ते पहिलं सर्टिफिकेट.

मध्यंतरी आमचे चिरंजीव मुंबईहून एमडी होऊन सुट्टीला आले. त्यांनी दोन दिवस दवाखान्यात बसून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी मला एकांतात घेऊन पेशंटच्या गोपनीयतेवर बोलले. बोलणं मुद्देसूद होतं. मला एकही मुद्दा खोडता आला नाही. आठवड्याभरात बाक मागच्या पडवीत गेला, पुढे स्टीलच्या खुर्च्या आल्या, तीन-तीनच्या जोडलेल्या, भिंतीकडे पाठ करून एका रांगेत. शिवाय नंबर दाखवणारा लाल आकड्यांचा डबा. प्रत्येकानं टोकन घ्यायचं, गप्प बसायचं, आकडा उजळला की आत यायचं.

पहिल्या दिवशी आकडा ७ उजळला तर आत आला १९. का? तर ७ नंबरला फक्त कान साफ करायचा होता आणि १९ नंबरच्या पोराला फणफणून ताप होता. १२ नंबरच्या बाईंची मुरुडची गाडी सुटणार म्हणून त्या १९ च्या मागोमाग. २ नंबर चहा प्यायला गेला होता. हे सगळं डब्याला न कळवता खुर्च्यांनी आपसांत ठरवलं होतं. चिरंजीव बाहेर येऊन चिडले, पण नंतर क्रम तपासू लागले तेव्हा त्यांना कुठे बोट ठेवायला जागा सापडेना. मोठ्या इस्पितळात कोणाला आधी बघायचं हे ठरवायला शिकवलेली माणसं नेमावी लागतात, तेच काम इथे १४ नंबरची आजी तंबाखू मळता मळता करत होती. चौथ्या दिवशी खुर्च्यांची रांग मोडून समोरासमोर दोन ओळी झाल्या. पाचव्या दिवशी मागच्या पडवीतून हसण्याचे आवाज येऊ लागले. जाऊन बघतो तर टोकन हातात धरून सगळे बाकावर, आणि स्टीलच्या खुर्च्यांवर पिशव्या. बाक पुढे आणला. खुर्च्या आता वाडीत आहेत, उन्हाळ्यात सुपाऱ्या वाळवायच्या वेळी उपयोगी पडतात.

एका हिवाळ्यात इस्रायलहून एक बाई आल्या. रेवदंड्याच्याच. इथले बेने इस्राएल ज्यू, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचं. बहुतेक घरं तिकडे गेली, सिनेगॉग इथे राहिलं. अधूनमधून कोणीतरी येतं, अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या जागी जाऊन येतं, जुनं घर बघतं. या बाई मला चड्डीत पाहिलेल्या, त्यामुळे डॉक्टर वगैरे काही नाही, "अरे, तू तोच ना?" फाइल भलीमोठी आणि सगळी हिब्रूत. उजवीकडून उघडायची. औषधांची नावं लागेनात, पण साखरेचे आणि कोलेस्टेरॉलचे आकडे आमच्यासारखेच वाढलेले. मी विचारलं, "त्रास काय होतोय?"

"काही नाही रे. तिकडे डॉक्टर चांगला आहे. फोनवर वेळ मिळते, गेलं की लगेच आत घेतात, बाहेर पाच माणसं असली तरी एक दुसऱ्याशी बोलत नाही. मला इथे जरा बसायचं होतं."

मग त्या बाहेर जाऊन दुपारपर्यंत बाकावर बसल्या. कोण कोणाची सून, कोणाची वाडी कोणी घेतली, कोणाला साखर निघाली, सगळं त्यांनी समजून घेतलं. निघताना त्या मला दोन नावं सांगून गेल्या. "यांना तपास. तुला सांगणार नाहीत, पण रात्री चार-चारदा उठतात." दोघांनाही मधुमेह निघाला. तपासणीची फी कोणाच्या नावावर लावायची, हा प्रश्न तेवढा राहिला.

फीचं म्हणाल तर इथे नोटांबरोबर इतरही चलनं चालतात. मार्च-एप्रिलमध्ये अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा येतात, दारात शहाळी ठेवलेली सापडतात, थंडीत पोपटीचं आमंत्रण येतं. वालाच्या शेंगा, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी भांबुर्डीच्या पाल्यासकट मडक्यात कोंबून, मडकं उलटं करून भोवती जाळ करतात. पोपटीच्या शेकोटीभोवती कोलेस्टेरॉलचा विषय काढणारा डॉक्टर पुन्हा बोलावला जात नाही. मी काढत नाही. पण बाजारात मला सूट नाही. सोडे घेताना हात आखडता घ्यावा लागतो, कारण मागून आवाज येतोच: "आमचं सुकं बंद केलंन आणि आपण अर्धा किलो!"

मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला चौलच्या दत्ताची जत्रा सुरू होते, पाच दिवस चालते. या वर्षी मीही डोंगर चढायला घेतला. अर्ध्यावर गेलो असेन नसेन, तर छाती भात्यासारखी वर-खाली व्हायला लागली. पायरीच्या कडेला टेकलो. तेवढ्यात माझ्याच दमेवाल्या आजी काठी टेकत मला मागे टाकून गेल्या. त्यांच्या मागून तीन गुडघेवाल्या, मग एक बायपासवाले. प्रत्येकानं थांबून माझ्या चेहऱ्याकडे नीट निरखून बघितलं, कोणी काही बोललं नाही, आणि सगळे वर गेले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडला तेव्हा बाक भरलेला होता, पण आत यायला कोणी तयार नव्हतं. "तुम्ही दम खा, आम्हाला घाई नाय." कंपाउंडरला विचारलं तर तो नजर चुकवत म्हणाला, "निकाल लागलाय. पित्त आणि रात्रीचा भात." मी म्हटलं, माझा ईसीजी मी स्वतः काढलाय, नॉर्मल आहे. तो म्हणाला, बाहेर माहीत आहे, पट्टी कचऱ्याच्या डब्यात होती.

शेवटच्या पेशंट दमेवाल्या आजी. त्यांचा दमा ऐकला, पंप लिहून दिला. त्या उठल्या, पिशवी उचलली, पडद्याशी थबकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आनि दाक्तर, जाता जाता..." मी पेन उघडलं. त्यांनी पिशवीतून आमसुलांची पुडी काढून टेबलावर ठेवली. "रात्री भिजत घालायची, सकाळी अनशापोटी पानी प्यायचं. भात एकच वेळ. आठ दिसांनी दाखवायला या."

आठ दिवस झाले. फरक आहे, पण मी अजून बाहेर सांगितलेलं नाही.